दुखऱ्या जागेची नावं

४ मार्च
चि. धाकट्यास,
अनेक आशीर्वाद. तुझ्या सासूबाई कोरियाहून पोचल्या. मला विचारलं नाहीस, नुसतं कळवलंस. बायकोला बाळंतपणापर्यंत अंथरुणातून उठायचं नाही, तुमचं घर एका खोलीचं, हे सगळं मान्य. पण जिच्याशी मला एक वाक्य बोलता येत नाही, त्या बाईला माझ्या शिवणखोलीत आणून ठेवायचं आणि वर कोरियन शब्दांचा कागद धाडायचा? डोकं, गुडघा, कंबर, आणि खाली ‘पाठ कर’. दिवसभर मी बायकांची मापं घेते. खांद्याला खांदा म्हटलं की माझं भागतं. आईच्या शेवटच्या आजारात तिला कुठे दुखतंय हे तू आपल्या भाषेतसुद्धा विचारलं नाहीस. आता सासूचा पुळका आलाय.
कागद वरवर पाहून बाजूला ठेवलाय, पाठ केलेला नाही. बायकोला जप.
तुझी ताई

८ मार्च
ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि. आईला मध्ये आणू नकोस. ती गेली तेव्हा मला उशिरा कळवणारी तूच. सगळं पुण्य एकटीला हवं होतं.
सासूबाईंना रक्तदाब आहे. त्या गोळ्या चुकवतात आणि आपणहून कधी रडगाणं गात नाहीत. ‘मोरी’ म्हणजे डोकं, ‘आपायो’ म्हणजे दुखतंय. एवढं तरी लक्षात ठेव. गिऱ्हाइकाचं माप तुला वर्षभर आठवतं, तेव्हा जमत नाही असं सांगू नकोस.
तुझा नावडता भाऊ

११ मार्च
चि. धाकट्यास,
तुझं पत्र आज दुपारी आलं. सकाळपासून त्या ‘मोरी, मोरी’ करत होत्या. मी हाताला धरून न्हाणीच्या मोरीशी नेलं, बादली भरून दिली. त्या नुसती मान हलवत राहिल्या. पुन्हा म्हणाल्या, पुन्हा नेलं, वैतागून ओरडलेसुद्धा. तुझं पत्र वाचून धावले, तर त्या शिवणयंत्राला टेकून बसलेल्या, तोंड एका बाजूला गेलेलं.
दवाखान्यातून लिहितेय. जीव वाचला. डावा हात लुळा पडलाय. काय बोलायचं ते बोल.
ताई

१४ मार्च
ताई,
नमस्कार लिहायला हात होत नाही. बायकोला सांगितलेलं नाही, सांगितलं तर दोन जीव धोक्यात. कागद पहिल्याच दिवशी तुझ्या हातात होता. तुझा हट्ट त्या बाईच्या जिवावर बेतला. शनिवारी गाडी पाठवतो. त्यांना गाडीत बसव आणि बाजूला हो.

१७ मार्च
चि. धाकट्यास,
आशीर्वाद. गाडी परत पाठवली. डॉक्टर इतक्यात हलवू देत नाहीत. हट्टाचं लिहिलंस ते खरं. आईचं उशिरा कळवलं म्हणतोस ते मात्र खोटं. तार मी ती गेली त्याच दिवशी केली होती. त्यावर आपण जन्मभर भांडू.
सध्या मी त्यांच्या पलंगाशी बसते. डोळे मिटायला लावते, डावा हात मांडीवर घेते आणि खांद्यापासून खाली एकेक जागा दाबते. स्पर्श कळला की त्या जागेचं नाव सांगतात. खांद्याला ‘ऑक्के’. कोपराला ‘पाल्कुम्ची’, ते मला म्हणता येत नाही, मग त्या अर्ध्या तोंडानं हसतात. जिथे गप्प राहतात तिथे हात अजून मेलेला आहे, एवढं मला समजतं. कोपराच्या खाली रोज गप्पच. आज मनगट दाबलं. बराच वेळ काही नाही. मी हात खाली ठेवणार, तेवढ्यात हळूच म्हणाल्या, “सोन्मोक.”
आता बायकोला सांगायला हरकत नाही. माझ्यावर लोभ नसला तरी उत्तर टाक.
ताई