मामंजींचा डावा पर

प्रिय धाकट्या,

अनेक आशीर्वाद. (सत्तरी ओलांडलेल्या माणसाला आशीर्वाद देताना हात जरा अवघडतो, पण तू अजून धाकटाच आहेस, त्याला माझा इलाज नाही.) तुझ्या सौभाग्यवतीच्या पायाचं प्लास्टर निघालं का, गुडघा वाकतो का, आणि तिच्या शुश्रूषेला आलेली तुझी वहिनी तुम्हा दोघांना पुरेशी धाकात ठेवून आहे का, हे सविस्तर कळव. माझी प्रकृती उत्तम आहे. बोटाला पट्टी आहे, कंबर धरली आहे आणि डोळ्याला डोळा लागत नाही; बाकी उत्तम.

तुला अण्णांचं खाकरणं आठवतं का रे? संध्याकाळी ते कामावरून यायचे, आणि कडी वाजायच्या आधी बाहेरच्या पायरीवरून तो आवाज यायचा. खर्र, खर्र, मग एक लांबलचक खर्रर्र, कोरड्या लाकडावरून कोणी कानस फिरवावी तसा. त्या आवाजासरशी घराचा रंग बदलायचा. आई गुणगुणायची थांबायची, तू पलंगाखाली मांडलेले पत्ते गोळा करायचास, आणि कविता चालीवर घोळवत बसलेला मी अर्ध्या ओळीवर तोंड मिटून गणिताचं पुस्तक उघडायचो. (कितीतरी कवितांच्या दुसऱ्या ओळी मला त्यामुळे आजही येत नाहीत. पहिल्या ओळी मात्र सगळ्या पाठ आहेत, आणि त्या म्हणताना मला अजून दाराकडे बघायची सवय आहे.) मग आपण दोघं भिंतीला पाठ लावून, हात बाजूला सोडून उभे. अण्णांनी आपल्यावर कधी हात उगारल्याचं मला स्मरत नाही. उभे राहा असं सांगितल्याचंही स्मरत नाही. तरी आपण उभे राहायचो.

हे सगळं आत्ताच का काढलं, ते सांगतो. (एक मिनिट. उठून बघून आलो. आहेत.)

आमच्या बाहेरच्या खोलीतली काचेची टाकी तू पाहिली आहेस. तिच्यातला कॅटफिश पाहिला नसशील, कारण तो सहसा कोणाला दिसतच नाही. वीतभर लांबीचा तपकिरी गडी, पण दिवसभर मातीच्या नळकांड्यात बसून असतो आणि बाहेर ठेवतो त्या फक्त मिशा. त्या मिशा पाहून तुझ्या वहिनीने त्याचं नाव 'मामंजी' ठेवलं. सुरुवातीला मला ते जरा लागलं. तिचे मामंजी म्हणजे आपले अण्णा. त्यांना असं पाण्यात सोडणं बरं नव्हे. पण ती बोलते फार आदराने. मामंजी जेवले, मामंजी आज रुसलेत, मामंजींच्या टाकीवरचा दिवा मालवा, त्यांच्या डोळ्यांवर येतो. अण्णांच्या हयातीत 'हो' आणि 'वाढू का' याखेरीज तिसरा शब्द तिच्या तोंडून त्यांच्यासमोर निघाला नाही. आता ती रोज दुपारी टाकीपाशी स्टूल ओढते आणि सगळा साठलेला हिशेब त्यांना सांगते. त्यात माझ्या तक्रारी बऱ्याच असतात. (मी आतल्या खोलीतून ऐकतो. मामंजींनी एकदाही माझी बाजू घेतलेली नाही.) तुमच्याकडे निघताना तिने मला बजावलं होतं की पाणी थोडं थोडं बदलायचं, खाणं चिमूटभर घालायचं आणि मामंजींना हात लावायचा नाही. दारापर्यंत गेली, परत आली आणि हळूच म्हणाली, "मला ते जसेच्या तसे परत हवेत. तुम्हाला मी आहे. मला दुपारच्या वेळी दुसरं कोण आहे?"

तर धाकट्या, ते आता जसेच्या तसे नाहीत.

झालं ते असं. गेल्या आठवड्यात मी टाकी साफ करायला काढली. नीट साफसफाई करायची तर आतल्या रहिवाशाला बाहेर काढणं आलंच, असं मला वाटलं. कपाटातली हिरवी जाळी घेतली, नळकांडं तिरपं केलं, मामंजी अनिच्छेने बाहेर आले, मी जाळी खालून घातली आणि वर उचलली. एवढ्यात ते खाकरले.

हसू नकोस. हा मासा पाण्याबाहेर आला की आवाज करतो. पराच्या पुढच्या कडेला एक जाड काटा असतो, तो खोबणीत घासून ही करामत होते म्हणे. पण हे मला नंतर कळलं. त्या क्षणी मला एवढंच ऐकू आलं, खर्र, खर्र, खर्रर्र. आणि मी उभा राहिलो. म्हणजे उभा होतोच, पण आणखी उभा राहिलो. पाठ भिंतीला, मान ताठ, हात बाजूला सोडलेले. आता हात सोडले म्हणजे हातात होतं तेही सुटलं.

जाळी सतरंजीवर, जाळीत मामंजी. मी गुडघ्यावर बसून त्यांना मोकळं करायला गेलो तर जास्तच गुंता. हा मासा भ्याला की दोन्ही बाजूंचे काटे ताठ उघडतो आणि जागच्या जागी कुलूप ठोकतो. मग ते काटे जाळीच्या धाग्यांत अडकले की ना पुढे ना मागे. अशा वेळी ओढायचं नसतं. मी ओढलं. डावा पर काट्याच्या मागून टर्रकन फाटला, एक काटा माझ्या बोटात गेला, आणि आम्ही दोघंही एकदमच खाकरलो. तेवढ्यात कुठूनशी अक्कल आली आणि मी टाकीतलंच पाणी बादलीत घेऊन त्यांना जाळीसकट आत ठेवलं. बादली घेऊन खालच्या मजल्यावरच्या शिंप्याकडे धावलो, कारण कात्री म्हटलं की मला तोच आठवतो. त्याने कपाळावरचा चष्मा नाकावर घेतला, आत वाकून पाहिलं आणि गंभीरपणे विचारलं, कापड कुठलं. मग मात्र बारक्या कात्रीने, पाण्यातल्या पाण्यात, एकेक धागा तोडून त्याने जाळी सोडवली. (माझ्या विजारी हा माणूस सतत आखूड करतो, पण त्या दिवशी एकही धागा जास्त कापला नाही.) जाळी सुटल्यावर तो म्हणाला, पर उसवलाय, इथून पुढे माझं काम नाही.

(पुन्हा बघून आलो. मिशा हलल्या. बहुधा मला बघूनच.)

तिथून प्राण्यांच्या डॉक्टरीणबाईंकडे. मांडीवर बादली घेऊन मी कुत्र्यामांजरांच्या रांगेत बसलो होतो. शेजारी एक भला थोरला कुत्रा, गळ्यात ते प्लास्टिकचं नरसाळं, बादलीत नाक खुपसायला टपलेला. बाहेरच्या मुलीने पेशंटचं नाव विचारलं, मी सवयीने मामंजी म्हणालो, आणि थोड्या वेळाने तिने ते खणखणीत आवाजात पुकारलं, तेव्हा एक वयस्कर गृहस्थ उठून माझ्या आधी आत जायला निघाले. बाईंनी विजेरीने पाहिलं. काही लावलंत का, म्हणून विचारलं. लावलं नव्हतं, पण खिशात जखमेवर लावायच्या औषधाची बाटली आणि पट्टीची गुंडाळी तयार होती. मी ती अभिमानाने टेबलावर ठेवली. त्यांनी बाटली उचलून आपल्या खणात टाकली. (अजून परत दिलेली नाही.) मग म्हणाल्या की काट्याचं मूळ शाबूत आहे, फाटलाय तो मधला पडदा, तो भरून येतो. या जातीला खवले नसतात, त्यामुळे औषध अंगात नको तितकं मुरतं. मीठसुद्धा मनाने घालायचं नाही. स्वच्छ पाणी, अंधार आणि शांतता, एवढंच. जखमेवर कापसासारखं पांढरं दिसलं तर लगेच घेऊन यायचं. आणि पुन्हा उचलायची वेळ आली तर जाळी नको, भांड्यात पाण्यासकट घ्यायचं. किती दिवस लागतील विचारलं तर दोन-तीन आठवडे म्हणाल्या, आणि माझ्याकडे रोखून बघत पुढे म्हणाल्या, "त्यांना बरं वाटेल हो. तुम्ही फक्त सारखे बघायला जाऊ नका."

तेवढंच मला जमत नाही. मामंजी सध्या न्हाणीघरातल्या टबात आहेत. सोबत त्यांचं नळकांडं आणि हवेचा पंप. अंधारासाठी टबावर माझी काळी छत्री उघडून ठेवली आहे. रोज थोडं पाणी काढतो, थोडं घालतो; अंघोळ शिंप्याकडे करतो. (तो दार बंद करून बाहेर शिलाई मशीन चालवतो आणि मला काही बोलत नाही, पण मशीनचा वेग मला टोचतो.) छत्रीखाली वाकून बसलं की जुन्या कविता आपोआप ओठांवर येतात. पण तुला सांगतो, आपल्या पाठ्यपुस्तकातल्या कवींना माशांची काही माहितीच नव्हती. त्यांचे मासे नुसते चमचमतात आणि सळसळतात. मिशा असलेल्या, फाटक्या पराच्या, तोंड फिरवून बसलेल्या माशासाठी एक ओळ सापडेल तर शपथ. मी स्वतःच करायला बसलो. 'पर'ला यमकं मुबलक आहेत, पण पुढे सरकत नाही. पहिली ओळ झाली की मी दाराकडे बघतो.

आणि रोज संध्याकाळी तुझ्या वहिनीचा फोन. फोन टाकीला लावा म्हणते. मी लावतो. रिकाम्या टाकीला ती तुमच्याकडच्या साऱ्या गोष्टी सांगते, आणि मी फोन धरून उभा असतो. काल तिने विचारलं, मिशा हलवल्या का त्यांनी. मी म्हटलं, हलवल्या. कोणती, म्हणाली. मी म्हटलं, डावी. त्यावर ती काहीच बोलली नाही. एवढ्या वर्षांच्या संसारात तिचं काहीच न बोलणं मी चांगलं ओळखतो.

बाकी सर्व ठीक. सौभाग्यवतीला आशीर्वाद सांग. तिला म्हणावं, पाय घाईने टेकू नकोस.

तुझा,
थोरला

ता. क. वरचं शेवटचं वाक्य पुन्हा वाच. पायाचं प्लास्टर निघालं असलं तरी तिने अजून पंधरा दिवस लंगडावं, अशी माझी तुम्हा दोघांना कळकळीची विनंती आहे. तुझी वहिनी कोणाला दुखण्यात सोडून येणार नाही. पर भरायला लागलाय. कडेला पातळ, काचेसारखा नवा पडदा दिसतो. तो पुरा होईपर्यंत तेवढं लंगडा. वाटल्यास तूही लंगड.

ता. क. दुसरा. हा तू एकट्याने वाच. टाकी घाण नव्हती. ती मी आदल्याच दिवशी साफ केली होती, मामंजींना हात न लावता, सांगितल्याप्रमाणे. मागे एकदा त्यांना भांड्यात घेताना ते खाकरले होते आणि हुबेहूब अण्णा वाटले, असं तुझी वहिनी सांगत होती. मी तेव्हा बाजारात गेलो होतो. ती तुमच्याकडे गेल्यावर घर फार गप्प झालं रे. अण्णांचा फोटो आहे, चष्मा आहे, काठी आहे. आवाज कुठे ठेवलेला नाही. एकदाच ऐकावा म्हणून उचललं. ऐकला. आणि टबाशेजारी बसून बसून आता एक गोष्ट लक्षात आली. घरात पाऊल टाकल्यावर अण्णा कधी खाकरत नसत. फक्त पायरीवर, दार बंद असताना. असा कोणता घसा असतो, जो पायरीवरच धरतो? ते तुला पत्ते उचलायला वेळ देत होते. मी मात्र आयुष्यभर त्याला धाक समजून भिंतीला पाठ लावत आलो.

ता. क. तिसरा. आत्ता कोणीतरी खाकरलं. मी उभा राहिलो आहे. उभ्यानेच लिहितो आहे, अक्षर समजून घे. न्हाणीघरात जाऊन आलो. मामंजी पाण्यात आहेत आणि गप्प आहेत. पुन्हा आवाज आला, तो दाराबाहेरून. दाराच्या भोकातून पाहिलं. धाकट्या, तू? हातात तुझ्या वहिनीची बॅग, आणि खालच्या मजल्यावरून तिचा आवाज येतोय, शिंप्याला सगळे कसे आहेत म्हणून विचारते आहे. (त्याला काही सांगून ठेवायचं राहूनच गेलं.) दाराला बेल आहे, तुला ती ठाऊक आहे, तरी तू पायरीवर उभा राहून खाकरतो आहेस. हे तुझ्याकडे कधी आलं? पत्र दाराखालून सरकवतो आहे. पंधरा दिवस लंगडायचं आता राहू दे. मी छत्री मिटून त्यांना भांड्यात घेईपर्यंत तिला जिन्यात बोलण्यात गुंतव.

आणि धाकट्या, पुन्हा एकदा खाकर.