स्टीलचे पत्रे, चमचाभर मीठ

फर्दापूर
ता. ९ जुलै २०१२

चि. सौ. शैला हिस,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर आपल्या दोघींचं दहा मिनिटांत वाजतं, म्हणून ताई, तुम्ही आपलं कागदावर लिहा, असं तूच सुचवलंस. लिहितेय. मधूची कंबर कशी आहे? डॉक्टरांनी झोपून राहायला सांगितलं तर हा माझा भाऊ दोन दिवस अंथरुणात टिकणार नाही असं वाटलं होतं. तू त्याला राखलंस, बरं केलंस. पाडव्यापासून वर्कशॉपही तूच उघडतेस म्हणे. नानांच्या खुर्चीवर बसतेस का? बी.एस्सी. झाल्यावर आठ महिने मी तिच्यावर बसून कारभार पाहिला होता. मग मधूचं शिक्षण संपलं आणि नानांनी खुर्ची मुलाला देऊन मला, लेकीला, इथल्या शाळेत चिकटवून दिलं.

काम असं की शाळेच्या विज्ञान प्रदर्शनात वीज लावून पाण्यातून हायड्रोजन काढून दाखवायचा आहे. त्यासाठी स्टेनलेस स्टीलचे सात पत्रे हवेत, तळहाताएवढे. भांड्यांचं स्टील चालत नाही, चार दिवसांत पाणी तांबूस होतं. ३१६ एल नावाचा प्रकार लागतो. तुला त्यातलं कळायचं नाही, मधूला विचार. फक्त पोळपाटाच्या मापानं कापून पाठवू नकोस.

बाकी क्षेम. आशीर्वाद आहेतच.
चारुता

चिकलठाणा, औरंगाबाद
ता. २४ जुलै २०१२

ती. चारुताताईंच्या सेवेशी,
शैलाचा सा. न. वि. वि.

पत्रे एसटीच्या पार्सलनं पाठवतेय, पोळपाटापेक्षा लहान आहेत. यांना उठता येत नाही, म्हणून मीच भंगारबाजार पालथा घातला. बरोबर लोहचुंबक नेलं होतं. ते बघून साहेबराव भंगारवाले हसले. म्हणाले, चांगल्या स्टीलला चुंबक चिकटत नाही हे खरं, पण भांड्यांच्या ३०४ लाही चिकटत नाही आणि ३१६ लाही नाही, मग तुम्ही ओळखणार कसं? शेवटी दुधाची यंत्रं बनवणाऱ्या एका कारखान्याचे उरलेले तुकडे त्यांनी दाखवले. त्यांच्या पाठीवर स्टीलची जात छापलेली होती, ३१६ एल. मी घरी येऊन यांना दाखवले, तर हे झोपल्या झोपल्या म्हणाले की अगदी हेच. ताई, मला किती आनंद झाला सांगू.

तुमचे पत्रे कापून ठेवले होते तेव्हा पाचोडचे कडुबा टँकरची झडप जोडून घ्यायला आले होते. यंदा पाऊस नाही, टँकरला फुरसत नाही. त्यांनी विचारलं, हे काय. मी सांगितलं. तर म्हणाले की मोबाइलवर त्याचा व्हिडिओ पाहिलाय, असं यंत्र गाडीला लावलं की डिझेल कमी लागतं, मलाही सात पत्रे द्या. दिले. त्यावरून हे चार महिन्यांनी मोकळं हसले.

तुमची माया अशीच राहू दे.
शैला

फर्दापूर
ता. २० ऑगस्ट २०१२

चि. सौ. शैला हिस, आशीर्वाद.

पत्रे ठीक होते. प्रदर्शन झालं. बक्षीस मिळालं, तालुक्यात दुसरं. एका पालकानं विचारलंच, की बाई, माणसाला प्यायला पाणी नाय अन् तुम्ही ते जाळताय व्हय?

डिझेल वाचतं वगैरे कडुबाला कोणी सांगितलं? पाणी फोडायला जितकी वीज लागते तितकीसुद्धा त्या वायूतून परत मिळत नाही. हे मी नववीला शिकवते. तू पत्रे विकायला लागलीस ते विक, पण त्यामागचं शास्त्र माहीत नसताना विकतेस हे ध्यानात असू दे.

मधूनं मागच्या रविवारी फोनवर अर्धा तास तुझंच कौतुक सांगितलं. शैलानं हे केलं, शैलानं ते आणलं. मी बक्षिसाचं सांगायला फोन केला होता, ते राहूनच गेलं.

चारुता

चिकलठाणा
ता. ५ नोव्हेंबर २०१२

ती. ताईंस,
सा. न. वि. वि.

बक्षिसाचं अभिनंदन आधी. पेढे दिवाळीत देते. तुम्ही शास्त्राचं लिहिलं ते मी गिऱ्हाइकांना सांगते. डिझेल वाचेल अशी हमी मी देत नाही, फक्त पत्रा खरा आहे एवढीच देते. तरी लोक येतात. जालन्याहून, बिडकीनहून, एक जण तर तुमच्या फर्दापूरहून आला. पन्नासाच्या वर संच गेले. एका वर्तमानपत्रात माझा फोटो आला, कात्रण सोबत आहे. खाली लिहिलंय, पत्र्याची पारख असलेल्या बाई. मला मेलीला लाजच वाटली.

आता एक महत्त्वाचं. पत्रे कसे लावायचे, रबर कुठं घालायचं, हे सगळे विचारतात. म्हणून यांनी इकडून तिकडून वाचून एक माहितीचा कागद लिहिलाय. त्याची एक प्रतही सोबत आहे. पाण्यातून वीज वाहावी म्हणून त्यात चमचाभर मीठ घालायचं लिहिलंय. हे म्हणाले, ताईची नजर फिरल्याशिवाय छापायचं नाही. तर चूक असेल तिथं लाल खूण करून कागद परत पाठवा. महिनाअखेरपर्यंत थांबतो.

तुमच्या शब्दाची वाट पाहणारी,
शैला

फर्दापूर
ता. २८ नोव्हेंबर २०१२

चि. सौ. शैला हिस, आशीर्वाद.

दिवाळीला येणं झालं नाही, सर्दी झाली होती. इथं विहीर आटली, शाळेच्या टाकीत दोन दिवसांआड पाणी येतं. अजिंठ्याला येणारे पर्यटक बाटल्या घेऊन फिरतात आणि आमच्या पोरी घागरी घेऊन.

फोटो पाहिला. नानांची खुर्ची छान आली आहे.

कागद मिळाला. अक्षर थोडं मोठं घ्या, लोकांना वाचता आलं पाहिजे.

चारुता

चिकलठाणा
ता. १८ फेब्रुवारी २०१३

ती. ताईंस,
सा. न.

बातमी वाईट आहे. कडुबा दवाखान्यात आहेत. टँकर भरायच्या रांगेत गाडी चालू ठेवून ते केबिनमध्ये आडवे झाले होते, धूळ येते म्हणून काचा वर होत्या. यंत्र सीटखाली होतं, त्याची नळी निसटली. लोकांनी दार उघडलं तेव्हा आत नाकाला झोंबणारा तिखट वास होता आणि त्यांना श्वास घेता येत नव्हता. डॉक्टरांनी विचारलं, पाण्यात काय घातलं होतं? त्यांच्या बायकोनं, दगडाबाईंनी, जुन्या गिऱ्हाइकांनाही आम्ही वाटलेला छापील कागद काढून दाखवला. मिठाच्या पाण्यातून वीज गेली की क्लोरिन निघतो, असं डॉक्टर म्हणाले.

जीव वाचला. फुप्फुसं पहिल्यासारखी होतील असं कोणी सांगत नाही.

विक्री त्याच दिवशी बंद केली. नावं लिहून ठेवली होती, म्हणून एकेकाच्या घरी जाऊन यंत्र सोडवून घेतेय. यांनी वर्कशॉपकडे पाठ फिरवली आहे. आता कुठं चालायला लागले होते, तर पुन्हा भिंतीकडं तोंड करून पडून असतात. मीठ मी लिहिलं, एवढंच म्हणतात. मी समजूत काढली की कागद ताईंनी वाचला होता. तर म्हणाले, तिच्या नजरेतून सुटलं तर कोणाच्याही सुटलं असतं, पण लिहिलं मीच.

तुम्ही यांना दोन शब्द लिहाल का?
शैला

फर्दापूर
ता. २४ फेब्रुवारी २०१३

शैला,

माझ्या नजरेतून काही सुटलं नव्हतं.

तुझा कागद आला त्याच दुपारी मी लाल पेन घेऊन बसले. मिठाभोवती वर्तुळ केलं आणि बाजूला लिहिलं, मीठ मुळीच नको, विषारी वायू निघेल. पाकीटही लिहून झालं. मग कात्रण पुन्हा पाहिलं. तू हसत होतीस. ज्या जागेसाठी मी घासून अभ्यास केला तिथं दहावी झालेली तू बसली होतीस, आणि माझा भाऊ तुझ्या फोटोचं कौतुक गावभर करत होता. वाटलं, चुकू दे हिला एकदा. लोकांचं पाणी खराब होईल, पत्रे गंजतील, माणसं हिच्या दारात येऊन भांडतील, मग मधू म्हणेल, ताईला विचारायला हवं होतं. कोणी बंद केबिनमध्ये झोपेल हे माझ्या मनात आलं नाही. पण यायला हवं होतं, मी शिक्षिका आहे.

तो कागद कपाटात होता. सोबत पाठवतेय, माझ्या हातची तारीखही त्यावर आहे. हे पत्र मधूला वाचून दाखव. त्यानं भिंतीकडं तोंड करायचं कारण नाही.

चारुता

चिकलठाणा
ता. २ मार्च २०१३

ताईंस,

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा हातातलं पातेलं आपटलं. हे विचारत राहिले, काय झालं. मी सांगितलं नाही.

एक गोष्ट तुम्हाला माहीत नसेल. लग्न होऊन आले तेव्हापासून या घरात काहीही अडलं की यांच्या तोंडी एकच, ताईला विचार. मुलाचं नाव ठेवायचं, गॅसची शेगडी घ्यायची, ताईला विचार. मी वीस वर्षं तुमचा हेवा केला. रात्रंदिवस नाही, पण केला. माझा कोणी हेवा करावा असं माझ्याकडं कधी काही होतं, हेच मला तुमच्या पत्रातून कळलं. आणि कळलं तेही असं.

यांना मी वाचून दाखवणार नाही, अजून तरी नाही. आधी तुम्ही पाचोडला जा. कडुबा घरी आलेत. मी जाऊन पाया पडून आले, आता तुम्ही जा, एकट्या. तिथं काय झालं ते लिहा. मग दोन्ही पत्रं यांच्यापुढं ठेवते.

शैला

फर्दापूर
ता. ११ मार्च २०१३

शैला,

काल पाचोडला जाऊन आले. कडुबा बाजेवर उशीला टेकून बसले होते. टँकर आता त्यांचा चुलतभाऊ चालवतो, कडुबांना केबिनची पायरी चढवत नाही. मी कोण, काय केलं, सगळं सांगितलं. वाटेत शब्द जुळवले होते, ते कामी आले नाहीत.

ते ऐकत राहिले. मग म्हणाले, "म्हंजी तुमाला ठाव व्हतं."

मी हो म्हटलं.

"मंग सांगितलं का नाय?"

मी म्हटलं, मला माझ्या भावजयीचा हेवा वाटत होता.

त्यांना मधे दम लागला, थांबून म्हणाले, "भांडण तुमच्या घरातलं, बाई. म्या तर तुमाला कधी बघितलंबी नव्हतं."

तेवढ्यात दगडाबाई आल्या आणि म्हणाल्या, लई बोलू नका, आता त्यास्नी निजू द्या. मी उठले. शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं. तुमच्याकडं यायचं ठरवून निघाले होते, पण बस औरंगाबादला पोचल्यावर स्टँडवरूनच अजिंठ्याची गाडी धरली. मधूसमोर उभं राहायचं धैर्य झालं नाही.

चारुता

चिकलठाणा
ता. १५ मार्च २०१३

ती. ताईंस, नमस्कार.

दोन्ही पत्रं यांना वाचून दाखवली. लाल वर्तुळाचा कागद यांनी हातात घेऊन बराच वेळ पाहिला. मग म्हणाले, "ताईला कळव, मीठ मी लिहिलं होतं." मी ते लिहायला कागद घेतला, तर मागून म्हणाले, "आणि ती गप्प बसली." दोन्ही वाक्यं जशीच्या तशी पाठवतेय. त्यातलं एकही मी गाळलेलं नाही.

आज सकाळी हे उठून वर्कशॉपमध्ये गेले.

बिडकीनकडची नऊ घरं अजून राहिली आहेत. तिथली यंत्रं सोडवायची आहेत, आणि मीठ का नको हे लोकांना समजेल असं सांगायचं आहे. ते मला नीट जमत नाही, तुम्हाला जमतं. रविवारी पहिल्या गाडीनं या. मी स्टँडवर असेन. हे येतील की नाही, माहीत नाही.

लोभ आहे असं आज लिहवत नाही. पण तुम्ही या.

शैला