फोटोत तुळसाचं घर

१२ फेब्रुवारी, बुधवार

सर्वात पयले परसराम कोतवाल आला. चहाचा वास त्याले तीन गल्ल्या दूर लागते! त्याच्या मागून घरकुलाच्या सर्वेवाले दोघं — एक साहेब, एक म्याडम. म्याडम आमच्या अंजूच्याच वयाची असन, उन्हानं तोंड लाल झालं होतं बिचारीचं.

मी सकाळपासूनच धुतलेलं लुगडं नेसून बसली होती. गेल्या पोळ्याच्या झडीत माह्यं मातीचं घर बसलं, तवापासून मी अन् नातीन डिंपल शेजारी तुळसाच्या सपरीत, तिच्या ओसरीवर, राहतो. लेक मनिष अन् सून अंजू नागपूरले फ्लॅटच्या कामावर गेले, तिथंच टिनाखाली झोपतात. इथं घर उभं झालं की दोघंही येतीन. डिंपल नववीत हाये, रोज इचारते, आई कवा येईन.

तुळसानं फुलाचे कप काढले. ते कप तिच्या पोरीनं भंडाऱ्याहून आनले, नवऱ्यालेही देत नाही त्यात. साहेबानं इचारलं, हे घर कोनाचं? तुळसा म्हने, "इचंच समजा जी. आमी का वेगळ्या हावो?" पाहुन्यासमोर माह्यी इज्जत राखली तिनं. मंग साहेब मले म्हने, आजी, काही तरास? आता जिच्या हातचा चहा पिऊन राहिली, तिच्यासमोर तरास सांगू? म्हनलं, "काहीच नाही जी. रानीवानी हावो."

तुळसाच्या दारात माह्या फोटो काढला. डोक्यावर पदर घेतला मी. लय चांगला आला!

१३ फेब्रुवारी

डिंपल म्हनते, आजी, तू फोटोत हासून राहिली होती. हासू नाही तं का करू?

१७ फेब्रुवारी, सोमवार

नाव कटलं.

डिंपल शाळेतून येता येता पंचायतीत गेली होती. ग्रामसेवकानं तिले दाखवलं — माह्या नावासमोर 'पक्कं घर आहे' लिवलं. फोटोत मागं तुळसाच्या टाइल्स, स्लॅब, कूलर. साहेबाची का चूक? आमी दोघींनी जे सांगतलं तेच त्यानं लिवलं. पोट्टी जेवली नाही, पुस्तक घेऊन भिताडाकडं तोंड करून बसली.

ग्रामसेवक म्हने अर्ज करा, ते पुन्हा पाहाले येतीन. पन यावेळी घरमालकिनीनं चार मानसांसमोर सांगावं लागन, का या बाईचा इथं काही हक्क नाही. अन् सही.

अर्ज डिंपलनं लिवला. खाली माह्यी सही — रुखमिणी. वहीत लिवनं जमते, सरकारी भाषा नाही. चौथीपर्यंतच तं शिकली.

१८ फेब्रुवारी

तुळसाले सांगतलं. ती धान पाखडून राहिली होती, सूप तसंच ठेवलं. म्हने, "माह्या घरात राहनाऱ्या मानसाले बेघर म्हनू? माह्या तोंडातून नाही निघनार, रुखमा."

मी म्हनलं, खोटं थोडी हाये.

मंग तिले जुनं सर्व आठवलं. आमी दोघी एकाच उन्हाळ्यात या गावात नवऱ्या होऊन आलो. मनिषच्या येळी मले ताप भरला, तवा पंधरा दिवस तिनंच त्याले पाजलं, आपल्या पोरीसंगं. म्हने, ज्याले दूध देल्लं त्याच्या मायले मी हक्क नाही म्हनू? अन् उलटी मलेच बोलली — तुले सपरी टोचून राहिली का?

काहून टोचन. पन मनिष किती दिवस टिनाखाली झोपन, हे तिले कसं सांगू.

२१ फेब्रुवारी

मनिषचा फोन आला. पाचव्या माळ्यावर कोन्या बाईच्या सैपाकघरात टाइल्स लावून राहिला. आई, एवढं मोठं सैपाकघर, अन् ती म्हनते लहान झालं! हासला. मंग हळूच इचारलं, "नाव लागलं का?"

मी म्हनलं, साहेब अजून एकदा येतीन. बाकीचं नाही सांगतलं.

२३ फेब्रुवारी

तुळसा पाच दिवसांपासून माह्याशी बोलत नाही. डिंपलच्या डोक्याले तेल मातर लावून देते.

२५ फेब्रुवारी, मंगळवार

आले ते. परसराम, गल्लीतले चार जन, सर्व उभे. तुळसा आतून बाहेर आली, माह्याकडं पाहालंच नाही. साहेबाले म्हने, "लिवा जी. ही माह्या घरची नाही. इचं इथं काहीच नाही. दया आली म्हनून ठेवली." दयेचं तं कोनी इचारलंही नव्हतं. पन एकदा बोलाले लागली तं पूरं बोलली, अन् सही केली.

मंग मले माह्या पडलेल्या भिताडावर उभं करून फोटो काढला. साहेब म्हने, नाव लागते आता, आजी.

सांजी जेवाले बसलो. रोज मी आपल्याच हातानं गंजातून भात घेतो. आज तुळसानं पाट मांडला, पानी भरून ठेवलं, अन् सर्वांच्या आधी मले वाढलं — पाहुनीले वाढते तसं. मी जेवली.

सर्वेवाले परत येतो म्हनले — ४ मार्चले, मंगळवारी, नव्या घराची जागा मोजाले.