आर्जिनिनच्या जागचा मणी

प्रिय ताई, तुला आणि भाऊजींना धाकट्याचा नमस्कार.

मी बरा आहे, दोन्ही वेळा जेवतो.

छकुलीच्या आजारावर इथे काही सापडलं का, असं तू विचारलंस. अगं, मी शास्त्रज्ञ नाही. कॉलेजांसाठी प्रथिनांचे नमुने बनवणाऱ्या कारखान्यात तारेत मणी ओवतो. पण सध्या नेमकं तिच्याच एन्झाइमचं काम आलं आहे. साडेचारशे मणी, म्हणजे अमिनो आम्लं. साखळी दुमडली की दोन हिस्टिडिन आणि एक ग्लुटामेट जवळ येऊन लोहाचा कण धरतात. दूध-डाळीतलं फेनिलअलानिन मोडायचं खरं काम तिथेच होतं. तू पाठवलेल्या तपासणीप्रमाणे छकुलीचे ते तिन्ही शाबूत आहेत. बिघाड दूरवर आहे. आर्जिनिनच्या जागी ट्रिप्टोफॅन आलं आहे, आणि त्या एकापायी घडी नीट बसत नाही.

मी तसा नमुना करून पाहिला. मग पक्कडीने तो मणी बदलला, तर घडी बसली. नमुने तपासणाऱ्या बाईंना विचारलं, "भाचीचा असा बदलता येईल का?"

"अरे बाबा, तिच्या अंगात अशा कोट्यवधी साखळ्या रोज नव्या बनतात. कुठे कुठे पक्कड लावशील?"

मी पक्कड खाली ठेवली.

सासूबाई अजून तुलाच बोल लावतात का? हा दोष आईबाप दोघांकडून यावा लागतो, एवढं भाऊजींनीच त्यांना सांगावं.

दूध, डाळ, अंडं बंदच ठेव. ती रडली तर सांग, मामाने मनाई केली आहे. राग माझ्यावर निघू दे.

तुझा,
धाकटा