नकाशावरचा ठिपका

प्रिय चिमणे,

तुझा निरोप मिळाला. रागावली आहेस हे शब्दांवरून कळलं. घाबरली होतीस हे शेजारच्या वहिनींकडून. तुझ्या फोनमधल्या नकाशावरून, मी कुठे आहे ते दाखवणारा माझा ठिपका नाहीसा झाला आणि तू त्या बिचारीला घरातल्या चपलांवर माझ्या दुकानात पळवलंस. मी तेव्हा एका बाईंच्या चष्म्याची दांडी बसवत होते. वहिनींनी मला नखशिखांत न्याहाळलं, दोन घोट पाणी प्यायल्या आणि म्हणाल्या की, तुमच्या लेकीला आधी फोन करा. तेव्हा धड बोलता आलं नाही, म्हणून हे पत्र.

फोन मीच बदलून घेतला. म्हणजे फोन तोच, आतलं सगळं नवं. बाजाराच्या मागच्या गल्लीत मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. चालवणारी मुलगी तुझ्याच वयाची. डोळ्याला भिंग लावून बसते, त्यामुळे आमचं लगेच जमलं. मी विचारलं, त्या मोठ्या कंपनीचं खातं न ठेवता हा चालेल का? ती म्हणाली, चालेल, पण तुम्हाला नेमकं काय नकोय? मी म्हटलं, "माझ्याबद्दल जे सांगायचं ते मी सांगेन. फोनने सांगू नये." ती हसली नाही. फोन आतून पार पुसून काढला, दुसरी प्रणाली घातली आणि ॲप घ्यायला एक वेगळंच दुकान दिलं. तिथे नाव विचारत नाहीत, जन्मतारीख विचारत नाहीत, जाहिराती तर नाहीतच. एवढं मुकाट दुकान मी आयुष्यात पाहिलं नव्हतं.

सगळं गोडच आहे असं मात्र नाही. बँकेच्या ॲपने मला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. म्हणे, हा फोन भरवशाचा नाही. इतकी वर्षं त्या बँकेत खातं आहे, पण भरवसा फोनवर! आता मी बँकेत जाऊन रांगेत उभी राहते. काही निरोप मी ॲप उघडेपर्यंत दाराशी ताटकळत बसतात. पण नकाशा फार छान मिळालाय. लोकांनीच मिळून बनवलेला आहे, फोनमध्ये साठवून ठेवता येतो, आणि मी कुठे आहे ते मला एकटीलाच सांगतो. तळ्याकाठचा बाक त्यात नव्हता, तुझे बाबा फिरायला गेले की दम खायला बसायचे तो. मी शिकून घेतलं आणि स्वतः तो नकाशात घातला. काही दिवसांनी बघते तर कुणीतरी अनोळखी माणसाने त्याला माहिती जोडली होती: पाठ टेकायची सोय आहे. दुकानात बसून मी एकटीच हसले.

बाबा गेल्यावर तू आलीस आणि परत जाताना माझ्या फोनमध्ये तो ठिपका बसवून गेलीस. तुझा जीव टांगणीला लागू नये म्हणून मी हो म्हटलं. खरं सांगू, सुरुवातीला मला आवडलंही. कुणाचं तरी आपल्यावर लक्ष आहे, हे या वयात काही वाईट नसतं. मग तुझे फोन हळूहळू कमी झाले. त्यात तुझा दोष नाही, तुला सगळं दिसतच होतं. मी दवाखान्यात दिसले की डॉक्टर काय म्हणाले ते विचारायचीस, बाजारात दिसले की जड उचलू नकोस म्हणायचीस. घरी दिसले की विचारायला काही उरायचंच नाही.

माझं डावं मनगट मुरगळलं असं मी तुला सांगितलं होतं. ते मुरगळलं नव्हतं, मोडलं होतं. सकाळी न्हाणीघरात पाय घसरला. गुडघाही असा दुखावला की उठताच येईना. फोन बाहेरच्या खोलीत टेबलावर. हाका मारून मारून घसा बसला. मग नुसती नळाकडे बघत पडून राहिले. दुपारी फोन वाजल्याचा आवाज आला. एकदाच. निरोपाचा.

एक निवृत्त मास्तर त्यांचा चष्मा न्यायला आले होते. शटर बंद पाहून ते परत गेले असते तर कुणी नावं ठेवली नसती. पण मी दुकान कधी न सांगता बंद ठेवत नाही, म्हणून ते चष्म्याशिवाय चाचपडत आपल्या घरापर्यंत आले, जिना चढून वर आले, दार ठोठावलं, आणि आतून आलेला माझा आवाज ऐकून वहिनींना बोलावून आणलं. त्यांच्याकडे आपली किल्ली असतेच. प्लास्टर घालून घरी आल्यावर मी तुझा निरोप वाचला. तू लिहिलं होतंस, "आज दिवसभर घरीच दिसतेस. छान. आराम कर."

चिमणे, रडू नकोस. तू प्रेमानेच लिहिलं होतंस, आणि ठिपकाही खोटं बोलत नव्हता. मी घरीच होते. म्हणून तर तो काढून टाकला. तो असेपर्यंत तुला वाटत राहणार की आईचं सगळं कळतंय, आणि मलाही वाटत राहणार की लेकीला सगळं कळतंय, वेगळं काय सांगायचं. प्लास्टर निघालंय, बोटं वळतात, स्क्रूसुद्धा बसवता येतात. रविवारी सकाळी मी दुकान उघडत नाही. फोन कर. कशी आहेस म्हणून विचार. मी सवयीने बरी आहे म्हणेन. तेव्हा ठेवून देऊ नकोस, पुन्हा एकदा विचार.

तुझीच,
आई