साकवाला गाय चाटते

१८ डिसेंबर १९८६, इब्रामपूर

आधी घरची खबर, एकेकाची. बायकोचे, गंगेचे, गुडघे — दुखरे, पण तोंड ठणठणीत! मुलगा शिवदासची पाठ तुयेच्या कारखान्यात उभं राहून धरली होती, आता सुटली. सूनबाई रूपाली बरी. नात सायलीचा खोकला गेला, दातही एक गेला. तांबू गाय दुधाला बरी. उरलो मी. दिवाळीतला ताप गेला, अंगात बळ आलं. जेवण मात्र पांचट लागतं. डॉक्टरनं रक्तदाब सांगितल्यापासून गंगा मीठ चोरते. विचारलं तर उसळते — "मीठ घातलेला असा! तुमचा तोंडच बिघडला."

गावच्या व्हाळावर, म्हणजे ओढ्यावर, पूल होतोय; त्या साकवाचे खांब काल पुरे झाले. आता वरचा स्लॅब. शाळा पलीकडं. पावसाळ्यात पोरांना कमरेएवढ्या पाण्यातून न्यावं लागतं. मागच्या वर्षी सायलीची पिशवी वाहून गेली, ती कशी हाती लागली देवाला ठाऊक!

कामाचा इंजिनियर गौरेश. कारापूरच्या गोकुळदास दुकानदाराचा मुलगा. अंगाखांद्यावर खेळवलेला, म्हणून साहेब म्हणवत नाही. डोकं भारी. खांबाला चिरे नाहीतच — खाणीतली टाकाऊ माती दाबून ठोकळे केले. म्हणाला, "काका, डोंगर पोखरून चिरे काढायचे आणि खाणीची माती लोकांच्या शेतात लोटायची, हे किती दिवस चालणार?" स्लॅबही पातळ, खाली झावळीसारख्या शिरा. निम्म्या सिमेंटात भागतं. पण सळीवर सिमेंटाची साल बोटाच्या पेराएवढीच. मी म्हटलं, "बाबा, पातळ कापडाला धागा चांगला लागतो." हसला. "म्हणून तर तुम्हाला ठेवलंय."

२१ डिसेंबर

कोकणी-मराठीच्या भांडणानं रस्ते बंद. झाडं आडवी घातलीत. आमच्या वरच्या घाटाची रेती यंदा गाळानं वाया गेली, दुसरीकडून लॉरी येत नाही. सगुण कंत्राटदारानं खालून, नदी दर्याला मिळते त्या तोंडाकडनं, होडीनं रेती आणली. दिसायला देखणी, पांढरी.

तोंडाकडची म्हणून मनात पाल चुकचुकली.

२२ डिसेंबर

आज रेती चाखली.

चाळीस वर्षांची माझी रीत. शाळा चार यत्तांपलीकडं नाही शिकलो, पण पेद्रेराचं, गवंड्याचं, काम बघून बघून उचललं. चिमूटभर रेती जिभेवर, डोळे मिटून दहा आकडे, थुंकायचं. मग ढिगाच्या पोटातली चिमूट, मग बुडातली. खारी असेल तर ढीग परत. इथून पेडण्यापर्यंत लोक घर बांधताना रेतीसाठी मला बोलावतात.

का, ते मला ठाऊक. पोर्तुगिजांच्या वेळी एका भाटकाराच्या, बड्या जमीनदाराच्या, घराला नवा सज्जा घातला होता, खाऱ्या रेतीचा. मी तेव्हा नुसता पाणी मारायला. अकराव्या वर्षी सज्जा भर दुपारी खाली आला. मिठानं गंजलेल्या आतल्या सळ्या हातानं चुरल्या, शिळ्या पावासारख्या.

गौरेशनं नमुनाही मागितला, पणजीला तपासायला. डबा नव्हता. गंगेचा खारातल्या कैरीचा रिकामा डबा दिला. ती ओरडली, "माझो डबो खंय न्हेलात?" पण रस्ते बंद. डबा कधी जायचा, कागद कधी यायचा! गौरेश म्हणाला, "काका, तुम्ही सांगा."

तीन चिमटी घेतल्या. काही लागलं नाही. "गोडी आहे, खारी नाही," म्हटलं.

सगुण खूश. "पेद्रेराची जीभ म्हणजे सरकारी शिक्को!"

२३ डिसेंबर

स्लॅब पडला. सकाळी सात ते चार. नारळ फोडला. पाठ मोडली.

१३ जानेवारी १९८७

एकवीस दिवस पाणी मारलं. आज फळ्या काढल्या. एक तडा नाही! खालून बघितलं तर शिरा अगदी माडाच्या झावळीसारख्या. गौरेशचे डोळे भरले. मला वाकून नमस्कार केला, लोकांदेखत. मला लाज वाटली, पण गोड वाटलं. खोटं कशाला लिहू?

५ फेब्रुवारी

भाषेचा कायदा झाला म्हणतात. गंगा म्हणाली, "तुम्ही रोजनिशी लिवतास मराठीत आणि माझी बोलणी खातास कोकणीत. आता खंयचा सरकार मान्य करतला?"

हसून पोट दुखलं. कुळदाची पिठी मात्र आजही पांचट.

१८ मार्च

गंमत! तांबू चरून येताना साकवावर थांबते आणि कठडा चाटते. हाकलली तरी परत. सायली टाळ्या वाजवते — "आजोबा, तांबू साकवाचो मुको घेता!"

२ एप्रिल

आता तांबू एकटी नाही. शेजारची दोन वासरं, कोणाची तरी शेळी. कठड्याला पांढरी भुकटी फुलली आहे. नव्या बांधकामाला चुना सुटतो, म्हणून लक्ष दिलं नव्हतं. आज बोटावर घेऊन चाखली.

काही लागलं नाही.

चुना असता तर जीभ पोळली असती.

लिहून ठेवतो एवढंच.

२४ एप्रिल

खालून बघितलं. मधल्या शिरेला तांबूस डाग, दोन वितींचा. सगुण म्हणतो, खाणीची माती लाल, तिचाच रंग उतरला. पण खाणीची माती खांबात आहे. स्लॅबात नाही.

सगुणला हे म्हटलं. तो विडी शिलगावत म्हणाला, "पेद्रेरानू, तुमका म्हातारपण इला. साकव उभो आसा मरे!"

उभा आहे खरा.

१६ मे

डागाच्या ओळीनं बारीक भेग. केसाएवढी. सळी जिथून गेली, तिथूनच.

गौरेशला दाखवायचं होतं. तो पणजीला. त्याच्या पद्धतीचे आणखी सहा साकव डिचोलीकडं मंजूर होतायत, त्या धावपळीत. सांगून त्याचा उत्साह कशाला घालवायचा, असं मनात आलं. रेती तर मी स्वतः चाखली आहे!

३० मे

आज गोवा राज्य झालं. आणि आजच साकवाचं उद्घाटन. तोरणं, ताशा, पंचायतीची भाषणं. गौरेशचं कौतुक झालं — गोव्यातली टाकाऊ माती गोव्याच्या कामी आणली म्हणून. फीत कापताना तांबू सुटून आली आणि सगळ्यांसमोर कठडा चाटू लागली. बायकांनी हात जोडले. "गोमातेन आशीर्वाद दिलो!" कोणी तरी तिला हळदकुंकू लावलं. लोक टाळ्या वाजवत होते, आणि मी तिनं चाटलेल्या जागेकडं बघत होतो. गुरांना काय चाटायला आवडतं, हे मला गुराख्यानं सांगायला हवं काय?

पण मी चाखली होती ना!

दुपारी गौरेश आणि सगुण जेवायला आमच्याकडं. बांगड्यांचं हुमण, नारळाचं कालवण. गर्दीत घोटाळा झाला. गंगेनं मीठ घातलं होतं, रूपालीनं पुन्हा घातलं. सगुणनं पहिलाच घास बाहेर काढला. "वयनी, बांगडो दर्यातसून थेट ताटात इलो काय?" गंगा कपाळावर हात मारून घेते. सायली पाणी पाणी करते.

मी म्हटलं, "काय सोंगं करता! पांचट तर आहे." आणि आणखी एक डाव वाढून घेतला.

गौरेशनं हात ताटातच धरला होता. माझ्याकडं बघत हळूच विचारलं, "काका, खरंच काही लागत नाही?"

"नाही रे."

"कधीपासून?"

मी बोटांवर मागं मोजत गेलो. दिवाळीतला ताप. बावीस डिसेंबर.

तो अर्ध्या जेवणावरून उठला. हात धुतले, चप्पल नीट न घालताच गेला. सगुण म्हणाला, "ह्याका काय झाला?"

३१ मे

खडेमीठ तोंडात धरलं. खडा. नुसता खडा. विरघळून गेला, तरी काही नाही.

गंगा दारात उभी होती. म्हणाली, "माका ताप गेल्यार चवथ्या-पाचव्या दिवशीच कळला होता. तुमका वायट वाटात म्हणून गप रवलंय." मग जवळ येऊन बसली. रेतीचं तिच्या डोक्यातच आलं नव्हतं. सांगितलं तेव्हा पदर तोंडाला लावला. "आमची सायली त्याच साकवार्‌सून जातली!"

२ जून

सगुणकडं गेलो. सगळं सांगितलं. त्यानं दार लोटून घेतलं. "गप रवा! साकव काय आज पडना, फाल्या पडना. पडात तेव्हा तुम्ही खंय, मी खंय!"

हेच तर! सज्जा अकरा वर्षं टिकला. त्याची साल जाड होती. ही पेराएवढी, आणि भेग आताच पडली आहे. कधी पडेल ते मला सांगता येत नाही. भरल्या व्हाळावर, पोरांच्या रांगेखाली, की रिकामा. गप्प बसलो तर मी मरेपर्यंत पेद्रेरच राहीन. बोललो तर चाळीस वर्षांची जीभ खोटी, आणि गौरेशचे सहाही साकव बुडाले. लोक म्हणणार, खाणीच्या मातीचं नवं खूळ अंगाशी आलं. मातीचा काय दोष? तिचे खांब तर दगडासारखे उभे आहेत.

आठ तारखेला शाळा सुरू.

४ जून

गौरेशला पत्र टाकलं. चूक माझी, असं लिहिलं. आणि विचारलं — कैरीच्या डब्यातली रेती पणजीला पोचली होती का? तिचा कागद आला का?

सायली नव्या वहीला कव्हर घालते आहे. म्हणते, यंदा पाय भिजणार नाहीत.

६ जून

तांबूला दाव्याला बांधली. इतर गुरं चाटतातच. कठडा एका जागी खरवडल्यासारखा झाला आहे.

७ जून

उत्तर आलं, बसवाल्याच्या हाती. चिठ्ठी नाही, नुसता एक कागद. पणजीचा शिक्का, तारीख नऊ जानेवारी — स्लॅबाच्या फळ्या काढायच्या चार दिवस आधीची. मजकूर इंग्रजी, शिवदासनं वाचून दाखवला: रेतीत मीठ फार, लोखंडाच्या कामाला वापरू नये. आणि कोपऱ्यात पेन्सिलीनं, गौरेशच्या अक्षरात: "डबा खारातल्या कैरीचा होता. काकांनी चाखली आहे. ठीक."

त्याच्याकडं कागद होता. मीठ डब्याचं समजून त्यानं माझी जीभ खरी धरली.

तोच कागद शिवदास उद्या पहिल्या बसनं पणजीला, गौरेशच्या वरच्या मोठ्या साहेबाकडं नेणार. पेन्सिलीच्या खाली मी शाईनं लिहिलं: "चाखणाऱ्याच्या तोंडाला चव नव्हती, हे त्यानं कोणाला सांगितलं नाही. पोराची पद्धत खरी, रेती खोटी. साकवावर काटे घातले आहेत आणि त्यांच्यापुढं मी बसलो आहे. शाळा सुरू झाली की पोरांना बाजूनं, पाण्यातून उतरवीन. व्हाळ भरायच्या आत माणूस पाठवा. लवकर कळवा. — कृष्णनाथ पेद्रेर."