'लेई' म्हणायचं नाही

९ मार्च १९३८, मांतोव्हा

पाटी लागली. वर्गावर्गात, आणि शिक्षकांच्या खोलीत तर बरोबर माझ्या खुर्चीच्या वर! "येथे 'लेई' म्हणायचं नाही, 'व्होई' म्हणा." म्हणजे 'आपण' बंद, यापुढे सगळ्यांना 'तुम्ही'. रोमचा हुकूम. आता रोमवाले आमच्या तोंडात हात घालून शब्द उपटणार.

कारण काय, तर म्हणे 'लेई' स्पॅनिश आहे, मिंध्या माणसांचा आहे आणि बायकी आहे. बायकी! 'लेई' म्हणजे 'ती' सुद्धा, हे ह्यांना आत्ता कळलं. अहो, जुन्या दरबारात मोठ्या माणसाला 'आपली कृपा' म्हणत. कृपा ही 'ती', म्हणून 'लेई'. चारशे वर्षं इथले आडदांड सरदार एकमेकांना 'लेई' म्हणत आले, कुणाच्या मिशा गळाल्या नाहीत. मी व्याकरण शिकवते. आणि मला भाषा शिकवणार कोण, तर फॅसिस्ट पक्षाचा चिटणीस — ज्याच्या भाषणात क्रियापद कर्त्याला ओळखही दाखवत नाही.

तारखेपुढे त्यांच्या राजवटीचं 'सोळावं वर्ष' लिहायचाही हुकूम आहे. शाळेत लिहिते. इथे नाही लिहिणार. ही वही माझी आहे.

११ मार्च

मुख्याध्यापक झानिबोनी. इतकी वर्षं रोज सकाळी जिन्यात टोपी काढून विचारणार, "मासारानी बाई, आपण कशा आहात?" आज टोपी डोक्यावरच. "तुम्ही कशा आहात?" चेहरा असा, की घशात माशाचा काटा अडकलाय.

मी म्हटलं, "मी बरी. आपण?"

इकडेतिकडे बघितलं आणि सटकला.

१२ मार्च

पुन्हा 'आपण' म्हटलं. मुद्दाम. मोठ्याने.

२४ मार्च

'माझी आई' या निबंधाच्या वह्या तपासल्या. इर्मा, ती घाबरट पोरगी, तिने जिथे जिथे 'लेई' आलं तिथे खोडून 'व्होई' केलंय. "माझी आई पहाटे उठते. मग तुम्ही मक्याचा पोलेंटा ढवळता. तुमच्या हातांना भेगा पडल्या आहेत. मी तुमच्याबरोबर तळ्यावर कपडे धुवायला जाते."

वाचताना आधी हसले. मग असा संताप आला की लाल पेन्सिल मोडली. वर्गात तिला म्हटलं, "बाळ, ही 'लेई' म्हणजे 'आपण' नव्हे. ही 'ती' आहे. आईला 'ती' म्हणायला बंदी नाही."

तर म्हणते कशी, "पण बाई, पाटीवर 'लेई'च लिहिलंय."

पोरीचं काय चुकलं? घरात आईला 'ती' म्हणायला घाबरते पोर, आणि हे म्हणे देशाचा कणा ताठ करताहेत.

१६ एप्रिल

काल वल्हांडणाचं, आम्हा ज्यूंच्या मोठ्या सणाचं, जेवण. आई आणि मी, दोघीच. प्रार्थना म्हणता म्हणता आई मध्येच थांबली. "अर्जिया, देवाला पण 'व्होई' म्हणायचं का गं आता?"

म्हटलं, "विचार रोमला."

"तुझ्या बापाने मागणी घातली तेव्हा मला 'आपण' म्हणत होता. 'तू'वर यायला लग्न व्हावं लागलं. मी पोरंबाळं सोडली तर आयुष्यात तिघांनाच 'तू' म्हटलंय — देवाला, तुझ्या बापाला आणि आमच्या गाढवाला."

खूप हसलो. बेखमीर भाकरीचा मला ठसका लागला.

९ मे

झानिबोनीने बोलावलं. "तुमच्याविरुद्ध तक्रार गेलीय. हट्ट सोडा. नोकरी जाईल आणि मला ती वाचवता येणार नाही. नुसता एक शब्द तर आहे!"

नुसता एक शब्द! मग तुमच्या रोमवाल्यांनी का नाही सोडला तो? हे सगळं मनात. आईचं औषध, घरभाडं, थंडीतला लाकूडफाटा, सगळं माझ्या पगारावर. आईला काही सांगितलं नाही.

१० मे

म्हटलं. जिन्यात, सगळ्यांसमोर. "तुम्ही कसे आहात?"

त्याने मान डोलावली, शहाण्या कुत्र्याला डोलावतात तशी. घरी येऊन चूळ भरली. नोकरी राहिली.

१६ जुलै

पेपरात आलंय — ज्यू हे इटालियन वंशाचे नाहीत. लिहिणारे म्हणे विद्वान, नाव एकाचंही नाही.

साडेतीनशे वर्षांपूर्वी आमचे लोक इथल्या ड्यूकच्या वाड्यात नाटकं करून दाखवत होते! त्यांच्या भाषेत, आमच्या भाषेत, एकच होती ती. माझं पहिलं वाक्य याच भाषेत, शिव्या याच भाषेत. उद्या स्वप्नंही तपासाल का?

आईने पेपर पूर्ण वाचला, मग त्यावरच घेवडा सोलायला बसली. म्हणाली, "तुझी नोकरी सरकारी आहे. सरकार असं शिक्षकांना थोडंच काढतं."

मीही तेच म्हटलं. 'लेई' हा शब्द तर देऊन टाकला ना मी त्यांना, आणखी काय हवं?

२३ ऑगस्ट

नगरपालिकेचा माणूस दारात. ज्यूंची मोजदाद चाललीय. "तुम्ही ज्यू ना? घरात तुम्ही किती जण?" 'तुम्ही' अगदी नियमाने म्हणाला. आईने त्याला खुर्ची दिली. मी दिली नसती.

२० सप्टेंबर

नोकरी गेली. ज्यू शिक्षक नकोत.

झानिबोनीने आधी खोलीचं दार लावून घेतलं. टेबलावरची टोपी उगाच हातात घेतली. मग आवाज खाली आणून म्हणाला, "मासारानी बाई, आपण बसावं. आपल्याबद्दल मला किती आदर आहे, हे आपण जाणताच."

आपण. आपल्याबद्दल. आपण. दार लावून.

आईच्या हिशोबाने तो ना माझा देव, ना नवरा. मी म्हटलं, "तू दार उघड. आणि हे बाहेर जिन्यात म्हण."

त्याने उघडलं नाही. मी उघडलं.